कणगीच्या खोलीतला चंद्र

कणगीच्या खोलीला खिडकी नव्हती. वैशाखरे गावातल्या आमच्या घराला पुढे ओटी, मग माजघर, मागे चूल, आणि चुलीच्या उजव्या अंगाला ही खोली. बांबूच्या काड्यांनी विणलेली, शेणाने लिंपलेली, माणसाहून उंच कणगी तिच्यात उभी असे आणि घराचं वर्षाचं भात त्या कणगीत. नवं भात भरलं की खोलीला उन्हात वाळलेल्या गवताचा आणि थोडा शेणाचा असा वास येई. तो वास मला अजून कुठे आला, तर मी आधी मागे वळून दार बघते. कारण त्या खोलीचं दार बाहेरून लागायचं. कडी बाहेरच्या बाजूला होती. कोंबड्या आणि मांजरं आत शिरू नयेत एवढंच तिचं काम. आतून कडी लावायची गरज भाताला कधी पडली नव्हती.

आई मी तीन वर्षांची असताना गेली. तेव्हापासून घर आत्याच्या हातात होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, लग्नानंतर दोन वर्षांतच परत आलेली. तिने मला वाढवलं, न्हाऊ घातलं, उवा काढल्या, गोवरात सात दिवस मांडीवर घेऊन बसली. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी तिला वाईट म्हणू नये. ती वाईट नव्हती. तिला माहीत असलेल्या जगात आम्हाला जिवंत ठेवायचं कसं, एवढंच ती बघत होती. पहाटे तिचा खोकला ऐकू आला की दिवस सुरू होई. मग जात्याची घरघर, मग मुरबाडकडून येणाऱ्या पहिल्या एसटीने चढावर बदललेला गिअर. त्या गाडीचा आवाज विरेपर्यंत माझ्या दोन खेपा पाणी भरून झालेल्या असत. तव्यावर तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा फुगत असे आणि आत्या न बघताच सांगे, "कुंदे, गोठा झाडलास का गो? नाय तर शाळा आज राहू दे."

"शाळा राहू दे" हे आमच्या घरात कुणी रागाने म्हणत नसे. पाऊस आला, लावणी आली, गाय व्याली, पाहुणे आले, की शाळा राहू दे. जशी ओटीवरची घोंगडी जरा बाजूला सरकवतात तशी शाळा सरकवता येई. आणि आता मी सातवीत होते. गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल मुरबाडला, एसटीने तासाभरावर. माझ्या दोन्ही चुलत बहिणी सातवी झाल्या आणि कुणाचं ना कुणाचं पोर कडेवर घेऊन घरी राहिल्या. पुढे त्याच कडेवर त्यांची स्वतःची पोरं आली. मधे काही घडल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि आमच्याकडेही पोर येणार होतं. माझा दादा मुरबाडच्या कारखान्यात लागला होता, सकाळी जीपला लटकून जाई आणि अंधार पडल्यावर येई. त्याची बायको, मंदा वहिनी, शहापूरजवळच्या सापगावची. आमच्या घरी आली तेव्हा अठराची असेल. नववीत तिचं शाळेतून नाव काढलं होतं. लग्नातल्या पेटीच्या तळाला तिने नववीचं भूगोलाचं पुस्तक आणलं होतं, ते मी पाहिलं होतं. हसायची फार. आत्या म्हणे, "हिला दात काढायला कारण लागत नाय." तिला सातवा महिना लागत आला तसं घरात एक वाक्य फिरू लागलं. कधी आत्याच्या तोंडून, कधी शेजारणीच्या. "पोर आलं की कुंदी हायच धरायला." कुणी मला विचारत नव्हतं, सांगतही नव्हतं. उद्या बाजार आहे असं म्हणावं तसं ते म्हटलं जाई.

त्याच वर्षी आमच्या शाळेत नवे गुरुजी आले होते. शहापूरकडचे, अंगाने काटकुळे, सायकलला मागे एक पत्र्याची पेटी बांधून येत. त्या पेटीत काय नसे! भिंगाची काच, चुंबक, सुतळी, चुन्याची पुडी. पुस्तकात चंद्राच्या कलांचा धडा होता, दीड पानाचा. आधीच्या गुरुजींनी तो दोनदा वाचून घेतला असता आणि आम्ही प्रश्नोत्तरं पाठ केली असती. या गुरुजींनी धडा बंद करायला सांगितलं. "चंद्र पुस्तकात उगवत नाय," म्हणाले. शाळेच्या पायरीवर त्यांनी खडूने एक फुली केली आणि महिनाभर रोज प्रार्थनेच्या आधी प्रत्येकाने त्या फुलीवर उभं राहून चंद्र शोधायचा, वहीत तीस चौकोन आखून दिसेल तसा काढायचा, असं ठरलं. आम्ही हसलो. सकाळी कुठला चंद्र? पण पुनवेनंतरच्या सकाळी तो होता. मावळतीकडे, शेतांच्या वर, ताकाच्या रंगाचा. इतकी वर्षं तो तिथे होता आणि शेणाची पाटी डोक्यावर असल्यामुळे मी वर पाहिलंच नव्हतं.

मग एकेक उद्योग. परातीत चुलीतली राख पसरून तिच्यावर उंचावरून खडे सोडायचे आणि पडलेले खळगे मोजायचे, चंद्रावरचे खड्डे कसे झाले ते कळावं म्हणून. त्या दिवशी सगळा वर्ग भुतासारखा पांढरा होऊन घरी गेला. चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, हे काही केल्या आमच्या डोक्यात शिरेना. तेव्हा गुरुजी आम्हाला खळ्यावर घेऊन गेले. मळणी चालू होती, मधल्या खांबाभोवती बैल फिरत होता. "खांबाला बैलाची कुठली कूस दिसते?" त्यांनी विचारलं. "डावी," आम्ही ओरडलो. "उजवी कधी दिसते?" कधीच नाही. बैल दिवसभर फिरतो, पण दोरी अशी बांधलेली की खांबाला एकच कूस दिसत राहते. मला ते लगेच कळलं आणि आवडलं नाही. दिवसभर चालायचं आणि त्याच खांबाभोवती राहायचं. पुढे बरेच दिवस गोठा झाडताना मी आमच्या बैलाकडे बघायचं टाळत होते.

पण मोठा उद्योग होता तो अंधाराचा. वर्गाच्या खिडक्यांना गोणपाटं लावली. टेबलावर एक पेटता कंदील, तो सूर्य. नदीकाठच्या चिकणमातीचे लिंबाएवढे गोळे करून, वाळवून, चुन्यात बुडवून आम्ही आणले होते. प्रत्येकाचा गोळा एकेका काडीवर खोचलेला. तो चंद्र. आणि आपलं डोकं ही पृथ्वी. हात लांब करून गोळा डोळ्यांसमोर धरायचा आणि जागच्या जागी डावीकडे हळूहळू वळायचं. कंदिलाकडे तोंड असताना गोळ्याची आपल्याकडची बाजू काळी, ती अवस. जरा वळलं की उजव्या काठाला उजेडाची कोर. अजून वळलं की अर्धा. कंदिलाकडे पाठ झाली की गोळा डोक्याहून जरा वर धरायचा, मग पूर्ण उजळलेला, पुनव. मी दोनदा वळून पाहिलं, तीनदा पाहिलं. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा किंचाळला, "गुरुजी, माझा चांद इझला!" त्याने गोळा डोक्याच्या सरळ रेषेत धरला होता आणि त्याच्याच डोक्याची सावली गोळ्यावर पडली होती. गुरुजी त्याच्याजवळ गेले आणि इतक्या आनंदाने म्हणाले, जणू त्याने शाळेला बक्षीस मिळवून दिलं होतं, "इझला नाय रे. ग्रहण लागलं. तू लावलंस."

तू लावलंस. हे दोन शब्द मी घरी घेऊन आले. आमच्या घरात ग्रहण ही लागणारी गोष्ट होती, भूत लागतं तशी. ते कुणी काडीवर मातीचा गोळा धरून लावू शकतं, आणि डोकं हलवून सोडवूही शकतं, हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. आत्याला सांगण्यात अर्थ नव्हता. वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "दाखव." पण घरात दिवसा अंधार कुठला? दाखवायचं राहून गेलं.

पौषातल्या पुनवेला चंद्रग्रहण आलं, आणि तेही असं की चंद्र उगवणारच ग्रहण लागलेला. गुरुजी खूश होते. संध्याकाळी सगळ्यांनी शाळेच्या मैदानात जमायचं, घाटाच्या कड्यामागून तो कापलेला चंद्र वर येताना बघायचा आणि वहीतल्या चौकोनात काढायचा, असं त्यांनी सांगितलं. मी रात्रीच पेन्सिलीला टोक करून ठेवलं. पण आत्याचा हिशेब वेगळा होता. नेहमीचं ग्रहण डोळ्यांना दिसतं, लागलं की गरोदर बाईने आत बसायचं आणि सुटलं की बाहेर यायचं. हे ग्रहण लागताना दिसणार नव्हतं. घाटाच्या मागे ते नेमकं कधी लागेल, कोण सांगणार? पंचांगात लिहिलेल्या वेळेवर तिचा विश्वास नव्हता, ती वेळ शहराची, असं तिचं मत. "मागून पस्तावण्यापरास आधीच बसलेलं बरं," म्हणून ऊन कलायच्या आतच तिने वहिनीला कणगीच्या खोलीत घातलं. सगळ्या घरात फट नसलेली तेवढीच खोली. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पण चल आत. हिला झोपू द्यायची नाय. काय चिरू-कापू द्यायचं नाय. बोट मोडायचं नाय, कुठं खाजवायचं नाय. ध्यान ठेव. पोरावर काय उमटलं तर मी तुला इचारीन."

"आत्या, माझी शाळा हाय संध्याकाळची."

"राहू दे आज."

मी दप्तर उचललं. निदान ते तरी जवळ असावं म्हणून. मागे कडी पडली. तो आवाज मी घरात रोज ऐकत होते, पण आतल्या बाजूने पहिल्यांदा ऐकला. आत एक रॉकेलची चिमणी ठेवली होती, तीही कोनाड्यात, कणगीपासून लांब. तिच्या ज्योतीला धूर फार आणि उजेड कमी. घोंगडीवर वहिनी भिंतीला टेकून बसली, पाय लांब करून, पोटावर दोन्ही हात. कणगीत उंदीर खुडबुडत होते. बाहेर आत्या पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं टाकत होती, तिचा खोकला इकडून तिकडे जाई. कुठेतरी शेजारी वेध धरायच्या आधी घाईने वालाच्या शेंगा उकडत होत्या, त्यांचा वास दाराखालून आला. वहिनी म्हणाली, "कुंदे, मला भूक लागलीय गो. आत्ता जेवले तरी." मग हसली. मग हसू संपल्यावर म्हणाली, "आमच्या सापगावच्या घरात पण अशीच खोली हाय. शाळेतून नाव काढायचं ठरलं तेव्हा मी चार दिवस तिच्यात बसून व्हते. कुणी घातली नव्हती. आपणच."

"का?"

"परीक्षा व्हती माझी, नववीची." आणि पायाच्या अंगठ्याने घोंगडी चाचपत म्हणाली, "भूगोलाचा पेपर राहिला."

बाहेरून मुलांच्या हाका ऐकू येऊ लागल्या, मैदानाकडे निघालेल्या. म्हणजे सूर्य मावळत आला होता. सगळी शाळा उघड्यावर चंद्र बघणार आणि मी भाताबरोबर कोंडलेली. आज ग्रहण म्हणून, उद्या पोर म्हणून, परवा आणखी कशासाठी म्हणून. मी दप्तरात हात घातला, तर चुन्याचा गोळा हाताला लागला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दिवसाउजेडी जो अंधार घरात सापडत नव्हता, तो आत्याने स्वतःच्या हाताने कडी घालून आम्हाला दिला होता.

"वहिनी, दाखवू?"

तिला उठताना त्रास झाला. मी हात दिला. चिमणीकडे तोंड करून तिला उभी केली, काडी तिच्या हातात दिली आणि गुरुजींच्या आवाजात सांगायला लागले. आता अवस. डावीकडे वळ. हळू. काय दिसतं? ती म्हणाली, "काठाला पांढरं आलं. अगो, बीजेची कोर ही!" वळता वळता ती एकदा धापली, एकदा पोटातलं पोर हललं म्हणून थांबली. अर्धा झाला. मग तिची पाठ चिमणीकडे झाली, हात लांब, आणि गोळा विझला. मी म्हटलं, "ही तुझ्या डोक्याची सावली. हेच गिरान. बाकी काय नाय."

वहिनीने डोकं जरा खाली केलं, गोळा उजळला. वर केलं, विझला. खाली, वर. लागलं, सुटलं. लागलं, सुटलं. तिला हसू आवरेना. तोंडावर पदर धरून, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती गुडघ्यात वाकत होती आणि उठत होती, आणि कोनाड्यातल्या चिमणीच्या त्या पिवळ्या उजेडात तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "एवढंच?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "कुंदे, एवढंच?"

"काय चाललंय गो आत?" दाराबाहेरून आत्याचा आवाज आला.

"नाय आत्या, जप करतोय," वहिनी म्हणाली. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून खाली बसलो. बऱ्याच वेळाने रस्त्याकडून "दे दान, सुटे गिरान" अशी हाक आली आणि कडी निघाली. बाहेर चंद्र घाटावर चांगला हातभर चढला होता, स्वच्छ, गोल, काही न झाल्यासारखा. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी माझा रिकामा चौकोन पाहिला. मी घरात होते असं सांगितलं. ते म्हणाले, "मग घरात काय दिसलं ते काढ." मी चिमणी काढली, वहिनी काढली, काळा गोळा काढला.

मग वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली आणि चैत्रात मुलगा झाल्याचा निरोप आला. बारशाला आत्या, बाबा, दादा आणि मी सापगावला गेलो. मुरबाडला गाडी बदलून, शहापूरच्या एसटीने. घुगऱ्यांचा घमघमाट होता, पाळण्याला आंब्याची पानं बांधली होती. बायका घामाने निथळत होत्या आणि त्या उकाड्यात वहिनीने पोराला कानांवरून घट्ट टोपरं बांधलं होतं.

"मंदे, पोर उकडून निघालं. टोपरं काढ की गो."

"असू दे आत्या. वारं लागंल."

"चैतात कसलं वारं?" म्हणत आत्याने नाडी ओढली.

पोराच्या डाव्या कानाच्या पाळीपासून गालापर्यंत जांभळट काळा डाग होता, वालाच्या शेंगेएवढा. बोटाने आत्याने तो डाग एकदा पुसून पाहिला. मग सगळ्या बायकांदेखत मला हाक मारली. "कुंदे, हिकडं ये. आत तू व्हतीस हिच्याबरोबर. खरं सांग. हिनं काय केलं?"

आज मी मुलांना विज्ञान शिकवते. असे डाग जन्मतःच असतात, त्यासाठी ग्रहण लागत नाही, हे मी फळ्यावर लिहून सांगू शकते. पण तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तो डाग माझ्या डोळ्यांसमोर होता. सावलीचं जे मला शाळेत कळलं होतं, ते सगळं तो डाग बघताक्षणी माझ्यातून निघून गेलं. मला वाटलं, मी केलं हे. गोळा मी आणला, वहिनीला उभी मी केली, तिच्या हातून ग्रहण मीच लावलं. तू लावलंस. आणि त्याचबरोबर दुसरंही कळत होतं. हे मी सांगितलं तर शाळेचं नाव येणार. शाळेनेच पोरीच्या डोक्यात हे भरवलं, असं होणार. मग मुरबाड संपलं. तरी मी तोंड उघडलं. खोटं बोलता येत नव्हतं म्हणून नाही. ते आत मावत नव्हतं म्हणून.

"तिला काय इचारता, आत्या?" वहिनी पाळण्याजवळून म्हणाली. आवाज अगदी साधा. "ती झोपली व्हती. चिमणीच्या धुरानं डोळा लागला तिचा. माझा कान खाजत व्हता, मी खाजवला." आणि तिचा डावा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. "लई खाजत व्हता."

मग सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. कुणाच्या नणंदेने विळी हातात घेतली होती, कुणाच्या जावेने कूस बदलली होती. कारण सापडल्यामुळे घरातला ताण उतरल्यासारखा झाला. वहिनीच्या आईने आत्याचे पाय धरले, "चुकलं पोरीचं." आत्या म्हणाली, "एवढा धीर नाय धरवला तुला, मंदे?" वहिनी खाली मान घालून बसली. मी घुगऱ्यांचं ताट घेऊन बाहेर गेले आणि उभी राहिले. घरी आल्यावर वहीतलं ते चिमणीचं पान फाडून मी चुलीत घातलं.

मे महिन्यात, वहिनी पोराला घेऊन परत आल्यावर, बाबांनी ओटीवर विषय काढला. "कुंदीचं काय करायचं? मास्तर म्हणतो मुरबाडला घाला." मी माजघरात तांदूळ निवडत होते. माझा हात थांबला. आत्या पोराला मांडीवर थोपटत होती. ती म्हणाली, "घाला तर घाला. हिच्यावर पोर टाकून मी कुठं जाऊ? बसल्या जागी झोपणारी पोरगी. ऐन गिरानात झोपली ती, अजून काय सांगायचं?" बाबा हसले. दादाने जूनमध्ये पासचे फोटो काढायला मला जीपमधून मुरबाडला नेलं. अशा रीतीने आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर बाई झोपाळूपणामुळे शाळेत गेली. अजूनही लग्नाकार्यात कुणी म्हातारं माणूस मला "झोपाळू कुंदी" म्हणतं आणि मी मान डोलावते.

वहिनीचं मात्र तसं झालं नाही. आमटी खारट झाली, घागर फुटली, पोराला ताप आला, की आत्याच्या तोंडून हमखास यायचं, "कान खाजवणारीच ती." आत्या होती तोवर हे चालू राहिलं. मी सुट्टीत घरी आले की ऐकायचे आणि ताटातला भात चिवडत बसायचे. एकदाही म्हणाले नाही की वहिनी खोटं बोलली होती. एसटीचा पास खिशात असताना ते म्हणायचं धाडस मला झालं नाही, आणि पुढे नोकरीची ऑर्डर हातात आल्यावरही झालं नाही. गुरुजींना मी प्रत्येक भाषणात नमस्कार करते. वहिनीचं नाव कधी घेतलं नाही, कारण कशासाठी घेतलं ते सांगावं लागलं असतं.

आत्या गेल्यानंतर, तेराव्याचं आटोपून दोघीच भांडी घासत होतो, तेव्हा मी विचारलं. "वहिनी, असं का सांगितलंस तेव्हा?"

तिने राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तू सांगणार व्हतीस म्हणून. तुझं तोंड उघडलेलं दिसत व्हतं मला." मग परत घासायला लागली. "ती मला बोलणार ते बोलणारच व्हती गो. मग दोघींनी कशाला ऐकायचं?"

यंदा पुन्हा ग्रहण आलं. डागाचं ते पोर, आमचा नंदू, आता दुसऱ्यांदा बाप होणार आहे. त्याची बायको प्राची मुरबाडला दवाखान्यात नोकरी करते, रोज स्कूटीवरून जाते. वहिनीचा फोन आला. "तू ये. तिला बसवतेय मी आत." माझा आवाज चढला. मी म्हटलं, वहिनी, तू सुद्धा? तुला ठाऊक असताना? ती शांतपणे म्हणाली, "ठाऊक हाय. पण शेजारणी येऊन बसणार ओटीवर. उद्या पोराला काय निघालं तर तिला बोलणार, मला नाय. तुझ्या शाळेतलं तिच्या पोराला लागू पडंल, पण शेजारणींच्या तोंडाला काय लावशील?" आणि मग म्हणाली, "येताना गोळा आण."

मी शाळेतून येताना नदीवर थांबले. थर्माकोलचे गोळे कपाटात होते, पण मी मातीचाच केला. चुन्याने हात फुटले. वैशाखऱ्याला पोचले तेव्हा ओटीवर चार बायका बसल्याच होत्या. कणगी कधीच गेली, त्या जागी आता फ्रिज आहे. नंदूने पाडून घेतलेली खिडकी आहे, तिच्यावर आज घोंगडी लावलेली. प्राची खाटेवर पाय वर घेऊन मोबाइल बघत बसली होती. मला बघून म्हणाली, "आत्या, इथे लाइव्ह दाखवतात ग्रहण. तुम्ही उगाच एवढ्या लांब आलात."

वहिनी माझ्या मागून आत आली. कोनाड्यात तिने चिमणी आधीच पेटवून ठेवली होती. कुठून शोधली देव जाणे. तिने दार लोटलं आणि कडीवर हात ठेवला. मी पाहिलं, दाराला आता आतूनही कडी होती, नवी, अजून रंग न लागलेली. ती तिने घातली.

"त्या मोबाइलात तुझी सावली पडती का गो?" ती सुनेला म्हणाली, आणि काडीसाठी माझ्यापुढे हात केला. "ऊठ. आधी मी दाखवते."